घाव परत देणारं नाव

मुलीचं नाव ठरवायला घरात तीन माणसं होती, तेव्हा मतंही निदान चार व्हायला हवी होती. पण सुनेने दवाखान्यातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशीच आपलं मत सांगून टाकलं आणि बाकीच्यांची बोलतीच बंद झाली.

"आई, मला तुमचंच नाव ठेवायचंय."

वेल्डरबाई तेव्हा खिडकीपाशी बसून नातीच्या पाळण्याच्या दांड्या पॉलिश पेपरने घासत होत्या. पाळणा त्यांनी स्वतः केला होता, पातळ नळ्यांचा. कुठे टोचेल, खुपेल असं काही राहू नये म्हणून आठ दिवस त्यांचं घासणं चालू होतं. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "माझं? अगं, ते काय नाव आहे का?"

"नावच आहे. हे बघा ना." सुनेने फोन पुढे केला. मुलांच्या नावांची माहिती देणारं कुठलंसं पान होतं. नाव टाकलं की ते एक तक्ता दाखवायचं. सुनेने मोठ्याने वाचलं, "नाव, ऐरण. अर्थ, माहिती नाही. मूळ, माहिती नाही. लोकप्रियता, अतिशय दुर्मिळ."

"मूळ माहीत नाही कसं?" वेल्डरबाई म्हणाल्या. "चांगलं दीडशे किलोचं मूळ आहे. कारखान्यात ओंडक्यावर बसलंय. त्यांना म्हणावं, या आणि उचलून बघा."

मुलगा दारातच उभा होता. तो औषधांच्या दुकानात काम करतो; माणूस सरळ आणि जरा भिडस्त. शाळेत असताना फॉर्मवर आईचं नाव लिहायची वेळ आली की तो कागदावर आडवा हात धरायचा. तो म्हणाला, "विचार करा बरं. शाळेत पोरं काय म्हणतील? मी भोगलंय."

"तू काय भोगलंस? नाव माझं होतं," वेल्डरबाई म्हणाल्या.

सून हसली, पण मुद्दा तिने सोडला नाही. "नाव नोंदवायला पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आई, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लिहिणार नाही. आणि तुम्ही हो म्हणालात, तर मग दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

"बघू," वेल्डरबाई म्हणाल्या, आणि आरशासारखी चकचकीत झालेली दांडी पुन्हा पहिल्यापासून घासायला लागल्या. त्यांना त्याच क्षणी हो म्हणायचं होतं. एकसष्ट वर्षांत त्यांचं नाव कुणी मागून घेतलं नव्हतं. पण एकदम हो म्हटलं तर आवाज फुटेल, या भीतीने त्या गप्प राहिल्या.

नावाची कहाणी अशी. वेल्डरबाईंचे वडील लोहार. बारा वर्षं ते एका जुन्या ऐरणीवर काम करत होते, आणि ती ऐरण मेलेली होती. लोहारांच्या बोलण्यात ऐरण मेलेली असते किंवा जिवंत असते. मेलेल्या ऐरणीवर घाव घातला की ती तो गिळून बसते. हातोडा तिथेच थबकतो, पुढच्या घावासाठी तो पूर्ण उचलावा लागतो आणि संध्याकाळी खांदा भरून येतो. जिवंत ऐरण घाव ठेवून घेत नाही. ती तो परत देते. हातोडा आपोआप वर येतो, आणि तापलेलं लोखंड मधल्यामध्ये दोन्हीकडून दाबलं जातं. वरून लोहार, खालून ऐरण. म्हणून लोहार ऐरणीला हत्यार म्हणत नाही, जोडीदार म्हणतो.

गावाबाहेरचा एक मोठा कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या आवारात सतरा ऐरणी ओळीने मांडल्या होत्या. वडील बेअरिंगमधला एक छर्रा खिशात घालून गेले. प्रत्येक ऐरणीवर वीतभर उंचीवरून तो छर्रा सोडायचा आणि किती वर येतो ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. दिसायला देखण्या असलेल्या आठ ऐरणी नापास झाल्या. नववीचं शिंग, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, तुटलेलं होतं, अंगावर गंज होता. पण छर्रा तिच्यावर पडला आणि जवळजवळ बोटांना येऊन लागला. वडिलांनी पुढच्या आठ बघितल्यासुद्धा नाहीत.

ऐरण हातगाडीवर घालून, चौघांनी मिळून ढकलत घरी आणली, तर घरात वेगळीच धावपळ. मुलगी झाली होती. पण रडत नव्हती. सुईणीने तळव्यावर चापट मारली, तरी नाही. दुसरी मारली, तेव्हा त्या एवढ्याशा जिवाने पाय असा झाडला की सुईणीच्या हातातली वाटी उडाली, आणि मग जो काही सूर लावला तो गल्लीच्या टोकाला ऐकू गेला.

"अगं बाई, मारलेलं परत केलं हिनं!" सुईण म्हणाली.

दारात घामाने निथळत उभे असलेले वडील म्हणाले, "मग ही ऐरणच."

घरच्यांनी समजूत घालायचा खूप प्रयत्न केला. आई म्हणाली, निदान कागदावर तरी माणसासारखं नाव घाला. पण वडिलांनी एकदा ठरवलं की ठरवलं. त्यांच्या दृष्टीने त्या दिवशी घरात दोघी आल्या होत्या आणि दोघी जिवंत होत्या. याहून मोठं कौतुक त्यांना माहीत नव्हतं.

त्या मुलीने हे सगळं इतक्या वेळा ऐकलं, आणि भट्टीपाशी इतकी वर्षं बघितलं, की ऐरण म्हणजे परत देणारी हे तिला पाणी ओलं असतं इतकं साधं वाटायचं. जगात कुणाला हे माहीत नसेल, असं तिच्या कधी मनातच आलं नाही. आणि त्यामुळे तिच्या आयुष्यात काही गमती झाल्या.

शाळेत दुसरीत असताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने तिची वेणी ओढली. ती तक्रार घेऊन बाईंकडे गेली. बाई कामात होत्या. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गोड आवाजात सांगितलं, "तुझं नाव काय? ऐरण ना? मग नावासारखं वागावं, बाळ." मुलगी आज्ञाधारक. तिने जागेवर जाऊन त्या मुलाला दोन ठेवून दिल्या. बाईंनी तिला तासभर कोपऱ्यात उभं केलं. सांगितलं तेच केलं, तर शिक्षा कसली, हे तिला कळेना. घरी येऊन वडिलांना विचारलं, तर तेही चक्रावले. "बाईंनी स्वतः सांगितलं ना? मग दोन जरा जास्त झाल्या असतील," ते म्हणाले. "एक पुरे होती."

लग्न होऊन सासरी गेल्यावर पहिल्याच सकाळी सासूबाईंनी सुनावलं, "नाव ऐरण आहे, तर आता ऐरणीसारखी राहा हो या घरात." नव्या सुनेला वाटलं, काय मोकळ्या मनाची बाई आहे! चौथ्या दिवशी सासूबाई चहावरून काही टाकून बोलल्या, तेव्हा सुनेने तितक्याच वजनाचं उत्तर दिलं. जास्त नाही, कमी नाही. सासूबाई दोन दिवस अवाक होत्या. मग तिसऱ्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगी उद्धट नाही हो. हसत हसत देते." पुढे वीस वर्षं दोघींचं उत्तम जमलं. शेवटच्या आजारपणात तर सासूबाईंना हिच्याच हातचं औषध लागायचं. न घेतल्यास काय ऐकावं लागेल हे त्यांना माहीत होतं.

वडिलांचा हात थकला तेव्हा त्यांचा छोटा कारखाना तिने हातात घेतला. भट्टी ठेवली आणि शेजारी वेल्डिंगही आणलं. पाटी रंगवणारा रंगारी आला आणि विचारता झाला, "ताई, दुकानात ऐरण आहे हे कळलं. पण मालकाचं नाव काय लिहू?" त्यावर ती म्हणाली, "तेच. दोनदा लिहू नको, रंग वाचव." ती पाटी वाचून एकदा एक गृहस्थ लांबून टेम्पो घेऊन आले आणि म्हणाले, "ऐरण केवढ्याला?" भट्टीपुढे उभ्या असलेल्या वेल्डरबाई म्हणाल्या, "दोन आहेत. दोन्ही विकाऊ नाहीत." ते गृहस्थ चहा पिऊन, खिडकीच्या गजांची ऑर्डर देऊन गेले.

तिच्या हातचं काम गावभर आहे. शाळेच्या बाकांचे पाय, पाण्याच्या टाकीचा जिना, बागेतले झोके. दवाखान्याच्या उतरत्या वाटेला कठडा बसवायचा होता, तेव्हा नकाशात एकच दांडी होती. तिने न विचारता खाली गुडघ्याच्या उंचीवर दुसरी दांडी जोडून दिली. दवाखान्याचे साहेब म्हणाले, ही कशाला? ती म्हणाली, "आजारी फक्त मोठी माणसंच पडतात का?" आज ती खालची दांडी लहान हातांनी घासून वरच्यापेक्षा जास्त चकचकीत झाली आहे. बत्तीस वर्षांत तिचा एक सांधा उकलून परत आला नाही, आणि हे ती स्वतः कधी सांगत नाही. दुसऱ्याने सांगितलं की फक्त मान डोलावते, हिशेब बरोबर आहे म्हणून.

तर अशा वेल्डरबाई सुनेच्या त्या वाक्यानंतर दोन दिवस हवेत चालत होत्या. होकार कसा द्यायचा याची मनाशी तालीम चालली होती. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, विहीणबाई नातीला बघायला आल्या.

विहीणबाई गोड बोलणाऱ्या, सगळ्यांचं चांगलं चिंतणाऱ्या. सुनेने नावाचं सांगताच त्यांनी टाळी वाजवली. "अगं, किती सुंदर! मला आधी जरा राकट वाटलं, पण अर्थ बघ ना. ऐरण म्हणजे सोसणारी! वरून घावावर घाव पडतात, पण बिचारी हूं की चूं करत नाही. बाईच्या जातीला हेच तर लागतं. शिकवून येत नाही ते, नावातच हवं. विहीणबाई, तुमच्याकडे बघून पटतं हो. किती सोसलंत तुम्ही!"

वेल्डरबाईंच्या हातातली बशी तशीच राहिली.

"काय म्हणालात? सोसणारी?"

"म्हणजे काय? सगळं जग तेच म्हणतं."

"सगळं जग?" वेल्डरबाईंनी सुनेकडे पाहिलं. "तुलाही असंच वाटतं?"

सून गोंधळली. "म्हणजे... हो. खंबीर, सगळं झेलणारी. म्हणूनच तर मला..."

वेल्डरबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याने खाली पाहिलं.

वेल्डरबाईंच्या डोळ्यांपुढून दुसरीतल्या बाई गेल्या, सासूबाई गेल्या, लग्नात आहेर देताना "नाव सार्थ कर हो" म्हणणाऱ्या दूरच्या आत्या गेल्या. म्हणजे इतकी वर्षं ही सगळी माणसं आपल्याला सोसायला सांगत होती! आणि आपण मोठ्या आनंदाने मान डोलावून त्यांना परत देत होतो. त्यांना हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. बशी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "हे नाव ठेवायचं नाही."

"आई?"

"नाही म्हणजे नाही. दुसरं बघा. चांगली हजार नावं आहेत तुझ्या त्या फोनमध्ये." आणि चपला घालून त्या निघाल्यासुद्धा.

मागे घरात काय झालं असेल ते सांगायला नको. विहीणबाई म्हणाल्या, मी काय वाईट बोलले? मुलगा म्हणाला, आईचा स्वभावच तसा आहे. सुनेला वाटलं, सासूबाईंना त्यांचं नाव आपल्या मुलीला द्यायचंच नाही. आपण त्या नावाच्या लायकीच्या नाही. रात्रभर ते तिला लागून राहिलं. आणि ही सून गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला ती बाळाला दुपट्यात गुंडाळून कारखान्यात आली. मागोमाग विहीणबाई, हातात दुधाची बाटली आणि चेहऱ्यावर धास्ती. वेल्डरबाई फाटकाची चौकट जुळवत होत्या. त्यांनी डोळ्यांवरची काळी काच वर केली आणि आधी ओरडल्या, "ठिणग्यांमध्ये पोर घेऊन कुठे आलात? तिकडे, दाराशी उभ्या राहा!"

"राहते. पण तुम्ही खरं सांगा," सून म्हणाली. "नाव माझ्या मुलीला नको, की मला नको?"

"हे काय भलतंच!"

"मग काय? दोन दिवस तुम्ही गुणगुणत फिरत होतात. मी बघितलंय. आणि आई एक वाक्य बोलली, तर एकदम नाही?"

वेल्डरबाईंनी यंत्र बंद केलं. कारखान्यात एकदम शांत झालं. हातमोजे काढत त्या म्हणाल्या, "माझ्या नातीची कुणी वेणी ओढली आणि ती तक्रार घेऊन गेली, तर तिला कुणी म्हणेल, नावासारखी वाग. ती बिचारी तसं वागेल. मुकाट्याने बसेल. मला ते चालायचं नाही. माझ्या बापाने ते नाव त्यासाठी ठेवलं नव्हतं."

"मग कशासाठी ठेवलं होतं?"

हे सांगावं लागतं, हेच वेल्डरबाईंना नवीन होतं. त्यांनी आपल्या मुलालासुद्धा कधी समोर बसवून सांगितलं नव्हतं. भट्टीपाशी वाढला, त्याला ठाऊकच असेल, असं धरून चालल्या होत्या. पण तो भट्टीपासून लांब अभ्यास करत वाढला होता.

त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक छर्रा काढला, बोराएवढा. शिंग तुटलेल्या ऐरणीचा माथा फडक्याने पुसला. "ये इकडे. पोर आईकडे दे."

सून आली. वेल्डरबाईंनी आधी शेजारच्या लाकडी ओंडक्यावर छर्रा सोडला. ठप् आवाज झाला आणि छर्रा तिथेच राहिला. "हा सोसतो," त्या म्हणाल्या. मग तोच छर्रा त्यांनी सुनेच्या चिमटीत दिला. "आता ऐरणीवर सोड. घाबरू नको."

सुनेने सोडला. टण्! एवढा स्वच्छ आवाज झाला की बाळ दचकून जागं झालं. आणि छर्रा सरळ वर येऊन सुनेच्या बोटांना लागला.

"अय्या!" सून म्हणाली.

"पुन्हा."

तिने पुन्हा सोडला. पुन्हा आला. पाचदा, सहादा. आता वेल्डरबाई बोलायला लागल्या. सतरा ऐरणी, हातगाडी, सुईण, उडालेली वाटी, वडिलांचं वाक्य. शाळेतल्या बाईंचं आणि सासूबाईंचंही सांगितलं, आणि सांगता सांगता काल न आलेलं हसू त्यांना आलं. सून तर हसून हसून ओंडक्यावर बसलीच.

"थांबा, थांबा," दाराशी उभ्या असलेल्या विहीणबाई म्हणाल्या. "म्हणजे ती सोसत नाही?"

"सोसली असती तर माझ्या वडिलांचा खांदा गेला असता," वेल्डरबाई म्हणाल्या. "तुम्ही या. बघा."

विहीणबाईंनी बाळाला लेकीकडे दिलं, पदर खोचला आणि जपून पुढे आल्या. आधी दोन बोटांच्या उंचीवरून छर्रा सोडला, मग वीतभरावरून, मग हात खांद्यापर्यंत नेऊन. तो वर आला, बाजूला उडाला, आणि त्या तो शोधायला चक्क टेबलाखाली वाकल्या. नंतर बराच वेळ त्यांना तिथून हलवता आलं नाही. मधेच त्या थांबल्या आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, "छप्पन्न वर्षांची झाले. मला हे कुणी दाखवलंच नाही हो."

वेल्डरबाईंनी त्यांच्यासाठी स्टूल पुसून पुढे केलं.

"आता सांगा," सून म्हणाली. "आता तरी हो?"

"मी एकटीने सांगून काय होणार? उद्या शाळेत कुणी तिला तेच म्हणालं तर?"

"तर मी जाऊन सांगेन. आणि ती मोठी झाली की स्वतः सांगेल. तुम्ही कुणाला सांगितलंच नाहीत, आई, म्हणून लोक आपल्या मनाचं सांगत बसले. चूक त्यांची आहे, पण थोडी तुमचीही आहे."

घाव बरोबर बसला होता, आणि नेमका परतून आला होता. वेल्डरबाईंनी सुनेकडे क्षणभर रोखून पाहिलं. चांगल्या जोडकामाकडे त्या असं बघतात. मग म्हणाल्या, "हो. ठेव."

शुक्रवारी बाळाला घेऊन विहीणबाईंसकट चौघंही नोंदणी कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकुनाने कागद पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा कागद पाहिला. "ऐरण? लोहाराची असते ती?"

"तीच," सुनेचा नवरा म्हणाला. या वेळी त्याने कागदावर हात धरला नव्हता.

"जरा कठीण नाही का वाटत? मुलीने आयुष्यभर घाव..."

"अहो, ऐका!" विहीणबाई दोघांना कोपराने बाजूला सारून खिडकीशी आल्या. "सगळ्यांना असंच वाटतं. मलाही वाटायचं. तुम्ही कधी ऐरणीवर छर्रा टाकून बघितलाय? नाही ना? मग तुम्हाला काय माहीत! ती घाव परत देते. जिवंत असेल तर. आणि आमची चांगली जिवंत आहे, ऐकू येतंय ना?"

बाळाने खरोखरच सूर लावला होता. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. कारकून म्हणाला, "बरं बरं. पण यंत्रातल्या यादीत हे नाव नाही. नवीन म्हणून घालावं लागेल."

मागे उभ्या असलेल्या वेल्डरबाई पुढे झाल्या. "नवीन नाही," त्या म्हणाल्या. "एकसष्ट वर्षं रोजच्या वापरात आहे. अजून कुठे उकललेलं नाही."

कारकुनाने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातांवरच्या ठिणग्यांच्या जुन्या खुणांकडे पाहिलं, आणि मग एकेक अक्षर दाबत नाव घातलं. छापलेला कागद त्याने खिडकीतून सरकवला आणि तपासून घ्या म्हणाला. सुनेने तो स्वतः न वाचता सासूच्या हातात दिला. वेल्डरबाईंनी कागद लांब धरला, उजेडाकडे वळवला, आणि सांधा तपासावा तसा नाव लिहिलेल्या ओळीवरून अंगठा फिरवला. मग पदराने डोळे टिपत विहीणबाईंना म्हणाल्या, "घ्या, तुम्ही वाचा मोठ्याने. तुमचा आवाज चांगला आहे."